आत्याची गुरगुरी

शेवटची भेट म्हणायची तर ती जेमतेम दोन मिनिटांची. हॉस्पिटलमध्ये हिराआत्याच्या खाटेशेजारी एक मशीन आणून ठेवलं होतं. प्रवासाच्या छोट्या बॅगेएवढं, वर मूठ, पुढे काचेची बरणी आणि तिला जोडलेली लांब पारदर्शक नळी. छातीत अडकलेला कफ ओढून काढायचं मशीन. नर्स हातमोजे चढवत म्हणाली, "मॅडम, तुम्ही थांबलात तरी चालेल, पाचच मिनिटं लागतील." मी थांबणारच होते. पण आत्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि चादरीवरची दोन बोटं दाराच्या दिशेनं हलवली. बाहेर जा. मास्क लावलेला असल्यानं बोलता येत नव्हतं, पण मला बरोबर कळलं. आणि मी गेले. दाराबाहेर उभी राहून मशीनची घरघर ऐकत राहिले... नर्सनं "या आता" म्हणून बोलावलं तेव्हा आत्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायची तयारी करत असताना फोन आला.

याला आता काही आठवडे झालेत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "सुटली बिचारी." मी मान हलवते. पण तिनं मला बाहेर का पाठवलं, हे मला माहीत आहे आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःचा कफ माझ्यापासून लपवायचा, हे तिला मीच शिकवलं होतं. ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लिहून पडेल याचीही खात्री नाही.

हिराआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमचं गाव जूचंद्र. लग्नानंतर तीन वर्षांतच विधवा होऊन ती माहेरी परतली ती कायमची. पोरवयात मिठागरात राबली, मग भातशेतीत, आणि पुढे बरीच वर्षं गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात, जिथे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या नाकपुड्या काळ्या असायच्या. बारावीनंतर वडील मला घरी बसवायला निघाले होते, तेव्हा ती ओट्यावर उभी राहून त्यांना म्हणाली होती, "पोरगी शिकंल. तुना नको असंल तर मी शिकवीन. तू आपला गप बस." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. विरारला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या नावावर छोटा फ्लॅट घेतला, तेव्हा आत्याला सांगून टाकलं, आता कामबिम बंद, माझ्याकडे यायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिला टीबी होऊन गेला होता. तो बरा झाला, पण खोकला मात्र मागे राहिला होता. नुसता खोकला नव्हे, ओला. सकाळी उठली की अर्धा तास तिची खाकरून खाकरून थुंकण्याची मोहीम चाले. गावी ती मागच्या बांधावर जायची. तिथे कोण ऐकणार? फ्लॅटमध्ये बांध कुठून आणणार!

फ्लॅट बघायला शाळेतले सहकारी आले, तो दिवस मला घड्याळाच्या काट्यासकट आठवतो. आमच्या मुख्याध्यापक मॅडमही होत्या. मी पोहे केले होते, नवे पडदे लावले होते, पुस्तकांचं कपाट हॉलमध्ये अगदी समोर दिसेल असं ठेवलं होतं. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत कौतुकानं सगळ्यांकडे बघत होती आणि मध्येच तिला उबळ आली. ती उठली, पॅसेजमधल्या बेसिनपाशी गेली आणि गावच्या सवयीनं मोठ्यानं खाकरून थुंकली. एकदा, दोनदा, तीनदा.  हॉलमध्ये एका बाईंनी हातातली बशी हळूच टीपॉयवर ठेवली. अर्धे पोहे तसेच.

सगळे गेल्यावर मी म्हणाले, "आत्या, कुणी आलं की आत जात जा ना. निदान बाथरूमचं दार लाव. लोकांना किळस येते."

आवाज चढवला नव्हता मी. समजावूनच सांगितलं होतं, वर्गात सांगते तसं. ती म्हणाली, "बरा गो बाय. चुकला माजा." आणि बशा उचलायला लागली.

त्यानंतर तिचं खोकणं कमी झालं. सकाळची मोहीम बंद झाली, बेसिन स्वच्छ राहू लागलं. मला वाटलं, गोखिवऱ्याची धूळ सुटली, शहरातलं औषध लागू पडलं. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं, "बरंच कमी आहे आता." आत्या शेजारी बसून मान डोलावत होती. ती कफ गिळत होती, दाबत होती, रात्र रात्र छातीत धरून ठेवत होती, हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. मग एक दिवस ताप चढला, धाप लागली, आणि हॉस्पिटलात फोटो काढल्यावर डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. जुन्या आजारानं तिच्या श्वासनळ्या जागोजागी फुगून सैल पडल्या होत्या. कफ आपोआप वर सरकत नव्हता, तिथेच साचून सडत होता. औषधं चालतीलच, पण कफ रोजच्या रोज बाहेर यायला हवा, नाहीतर हा ताप पुन्हा पुन्हा येणार. मी हे आत्याला जमेल तसं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हनजे उघाडी बुजली." उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप. ती बुजली की शेतातलं पाणी शेतातच कुजतं. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा त्यांना चांगलं कळलंय."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी ते छोटं यंत्र दिलं. तळहातात मावेल एवढी प्लास्टिकची वाकडी नळी, पुढच्या फुगीर डोक्यात स्टीलची एक गोळी आणि त्यावर भोकाभोकांचं झाकण. ना वीज, ना सेल. सरळ बसायचं, कोपरं टेबलावर टेकायची, श्वास भरून दोन-तीन सेकंद थांबायचं आणि नळीत फुंकायचं. आत गोळी उड्या मारते, हवा थरथरते, ती थरथर छातीत उतरते आणि चिकटलेला कफ सुटतो. मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतो तसा जोरात हफ् करायचा, आणि आलेलं थुंकून टाकायचं. आत्यानं ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. "ही तर चिलीम हाय! गावात काय सांगशील, आत्याला चिलीम ओढाया लावली?" आणि खरंच ओढली. फुंकायच्या ऐवजी जोरात आत ओढली आणि ठसका लागून लालेलाल झाली. मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, ओढायची नाही, फुंकायची. चूल फुंकता तशी." तेव्हा कुठे गोळी नाचायला लागली. गुर्रर्र... गुर्रर्र... आत्या थांबली, छातीवर हात ठेवून बघू लागली. "मांजर शिरलाय आत," म्हणाली. त्या दिवसापासून त्या नळीचं नाव गुरगुरी.

दुपारच्या जेवणाआधी एकदा आणि रात्रीच्या जेवणाआधी एकदा, असं ठरलं होतं. माझी शाळा दुपारची, साडेअकराला निघायचं ते साडेसहाला परत. म्हणून मी वेळा ठरवून दिल्या, एक साडेबाराला आणि एक पाचला. घरी आले की विचारायचे, "केलीस गुरगुरी?" "केली." "दोन्ही वेळा?" "दोन्ही वेळा." गुरगुरी स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वच्छ धुऊन उपडी ठेवलेली असायची. आणि फरक पडत होता! ताप नाही, धाप कमी, भूक चांगली. मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले की बघा, नियमितपणा असला की काय होतं ते. सगळं श्रेय मी घेऊन टाकलं होतं.

एकदा परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली. पाचच्या सुमाराला मी बिल्डिंगच्या गेटातून आत येतेय तर मागच्या बाजूनं हसण्याचा आवाज, आणि मध्येच ओळखीची गुर्रर्र. आमच्या बिल्डिंगच्या मागे पंपाची खोली आहे, तिच्या बाहेर नळ आणि उघडं गटार. तिथे रंगाचा रिकामा डबा उपडा घालून आत्या बसली होती, आणि समोर उकिडवी बसली होती आमच्या वॉचमनची बायको सुशीला, जौनपूरकडची. ती बोटं मोजत होती. "और एक बार, अम्मा. जोर से. बारह हुआ." आत्यानं फुंकलं, मग तोंड उघडून हफ् केलं, आणि गटाराकडे वळून अशी खणखणीत खाकरून थुंकली की पंपाच्या पत्र्यावरचा कावळा उडाला. सुशीला म्हणाली, "शाबास! आज तो पूरा निकला." आत्या पदरानं तोंड पुसत म्हणाली, "निकला नाय तर काय, रातभर इदरच बैठेला था." दोघी खदखदून हसल्या. मी स्कूटरच्या आड उभी होते. कितीतरी महिन्यांनी आत्याचा तो चेहरा मी पाहत होते. जूचंद्रच्या मागच्या बांधावरचा.

मग तिनं मला पाहिलं, आणि चटकन गुरगुरी पदराखाली लपवली. विडी ओढताना सापडल्यासारखी.

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आम्ही वर निघालो. पहिल्या मजल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहिली. दुसऱ्यावर पायरीवर बसली. धाप ओसरेपर्यंत मी वाट पाहिली आणि विचारलं, "कधीपासून?"

"पयल्यापासून."

"दिवसातून दोनदा? तीन मजले?"

"उतराया काय लागतो? चढतानाच जरा..."

"आणि घरात का नाही करत?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी वर्गातला अगदी सोपा प्रश्न विचारलाय. "घरात किळस येते ना लोकांना. भिंतीबी पातल. बाजूवाल्या बाईला ऐकू जाल. तुजा नाव हाय इथं. मास्तरीन बाई ऱ्हाते, असा बोलतात."

इथे मी तिची माफी मागायला हवी होती. मी चिडले. गटाराच्या काठावर बसतेस, उघड्यावर, किती जंतू असतात माहितीय? आणि धाप लागत असताना जिने? हे सगळं बंद. उद्यापासून घरात, माझ्यासमोर. सकाळी मी निघायच्या आत आणि संध्याकाळी मी आल्यावर. तिनं ऐकून घेतलं. "बरा गो बाय," म्हणाली. तिच्या 'बरा'ची तोवर मला चीड यायला लागली होती.

घरात काही जमेना. ती थुंकायला एक कप घेऊन टेबलाशी बसायची, बारा वेळा फुंकायची, हफ् करायची आणि मग... काही नाही. कप कोरडा. घशापर्यंत आलेलं मला ऐकू यायचं, आणि तिथून ते परत खाली जायचं. "थुंक ना आत्या." "नाय येत गो इथं." मी पंखा मोठा केला, टीव्ही लावला, पाठ फिरवून उभी राहिले. नाही. हट्टीपणा नव्हता तो. नको म्हटलेलं तिच्या अंगानं मनावर घेतलं होतं. शेवटी एका रविवारी मी वैतागून बेसिनपाशी गेले, म्हणाले, "बघ, असं थुंकायचं. कोण काय म्हणतं बघू." आणि जोर लावून खाकरले. काय निघणार होतं माझ्या घशातून? कोंबडीच्या पिलासारखा काहीतरी आवाज आला. आत्या बघतच राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. "अशी थुकतात होय? इतकी शिकलीस नि तुना थुकाया येत नाय!" ती इतकी हसली की उबळ आली, मला बाजूला ढकलून बेसिनवर वाकली, आणि आलं. भरभरून आलं. त्यानंतर काही दिवस रोज तसंच चाललं. ती फुंकायची, मी बेसिनपाशी जाऊन माझा पिलाचा आवाज काढायचे, आणि ती मला हिणवत हिणवत मोकळी व्हायची. आमच्या दोघींच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते असं मी म्हणेन. तेव्हा कळलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी मुख्याध्यापक मॅडम अचानक आल्या. माझं पर्यवेक्षकपदाचं चाललं होतं, त्याचे काही कागद बघायचे होते. आत्या टेबलाशी बसून नुकतीच फुंकायला लागली होती. मॅडम सोफ्यावर बसल्या. आत्यानं गुरगुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. विचारत होती ती. साधं एक वाक्य पुरलं असतं... आत्या, तू कर तुझं, मॅडम घरच्याच आहेत. वाक्य तोंडात आलं होतं, शपथेवर सांगते. पण मी कागदांची फाईल उघडली आणि पानं उलटायला लागले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आतल्या खोलीचं दार लागलं. मॅडम पाऊण तास होत्या. त्या पाऊण तासात त्या दारामागून खाकरण्याचा साधा आवाजही आला नाही. नंतर आत्या बाहेर आली, म्हणाली, "जाला माजा." कप कोरडा होता.  पुढच्या दिवशी पिलाचा आवाज काढला तर ती हसली, पण उगाच, माझ्यासाठी. ते पुन्हा नीट जमलंच नाही.

आठ-दहा दिवसांनी ताप आला आणि पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. डॉक्टरांना मी नंतर जाऊन विचारलं. त्या एका संध्याकाळमुळे झालं का? ते म्हणाले, नाही, फुफ्फुसं आधीच फार खराब होती, असं एका दिवसात काही ठरत नसतं. मला ते पटतं. मुलांना मी हेच शिकवते की एकामागोमाग घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे. पण भांडी घासताना, वह्या तपासताना, मध्येच मी हात थांबवून बसते आणि ती फाईल पुन्हा उघडते. पानं उलटते. खुर्ची सरकते.

मागच्या आठवड्यात मॅडम भेटायला आल्या. त्याच सोफ्यावर बसल्या. चांगल्या आहेत त्या, मनापासून आल्या होत्या. म्हणाल्या, "फार शांत होत्या हो तुमच्या आत्या. एवढा आजार, पण कधी आवाज नाही, तक्रार नाही. आपल्याला जाणवूसुद्धा दिलं नाही त्यांनी."

मी म्हणाले, "शांत नव्हत्या मॅडम. गावात त्यांचा आवाज खाडीपलीकडे जायचा. मी गप्प केलं त्यांना. तुम्ही आलात की."

मॅडम गोंधळल्या. "असं मनाला लावून घेऊ नका. किती केलंत तुम्ही त्यांचं!"

"केलं ना," मी म्हणाले. "तेही केलं आणि हेही केलं."

त्या थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. उलट असं वाटलं की जे आत्याला ऐकवायचं होतं ते भलत्याच माणसाला ऐकवलं. पर्यवेक्षकपदाचं पत्र आलंय. ते तिच्यापुढे धरलं असतं तर तिनं आधी बिल्डिंगभर सांगितलं असतं, आणि सगळ्यात पहिलं पंपाच्या खोलीपाशी.

परवा मला सर्दी झाली. साधीच, शाळेतल्या पोरांकडून आलेली. रजा टाकून दुपारी घरात एकटी होते आणि खोकल्याची उबळ आली, तर मी काय करावं? बाथरूममध्ये शिरले आणि माझा हात आपोआप कडीकडे गेला. रिकाम्या घरात! कुणापासून लपवत होते? हात तसाच धरून उभी राहिले. मग बाहेर आले, बेसिनपाशी गेले, खिडकी उघडी होती ती आणखी उघडली, आणि खोकले. आधी जमेना. मग घशाच्या तळापासून जोर काढून खाकरले, एकदा, दोनदा, तीनदा. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या घरातला टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला. खालून सुशीलाची हाक आली, "दीदी? ठीक हो ना? आऊँ क्या ऊपर?"

नको म्हणणार होते. सवयीनं तेच तोंडात आलं होतं.

"आ जा," मी म्हणाले.